किनकेड घराण्याची दोरी

लिहून ठेवणार: आयडेला रूथ किनकेड, वय एकाहत्तर, अविवाहित, पूर्वी हायस्कुलात टायपिंग शिकवीत असे, राहणार स्टोनी फोर्क, पश्चिम व्हर्जिनिया.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसे जे, माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारीत नाही. हे मी कोणाच्या भरीस पडून लिहीत नाही. माझा थोरला भाऊ हार्लन याला सुगावा लागला असता तर त्याने टाइपरायटरच लपवला असता. याआधीचे मृत्युपत्र मी स्वतः शेगडीत घातले. ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, मागची कोठी आणि सफरचंदाची झाडे हार्लनची मुलगी ब्रिना हिला द्यावीत. छप्पर गळते हे तिला ठाऊक आहे, म्हणजे मी फसवले असे म्हणायला नको. बँकेतल्या पैशांतून माझी माती करावी आणि उरेल ते छपराला लावावे.

कलम २. बरण्या भरण्याचा मोठा कुकर हार्लनने एका मोसमापुरता नेला, त्याला आता किती मोसम झाले ते देवाला ठाऊक. तो मी त्याला देत नाही. ब्रिनाने बापाकडे जाऊन आणावा आणि झाकणाचे रबर आहे ना ते बघून घ्यावे.

कलम ३. टाइपरायटर, भिंग आणि पोलादी कपाटातली घराण्याची सर्व कागदपत्रे गावच्या वाचनालयाला द्यावीत. जमिनीच्या मोजण्या, करपट्ट्या, कोर्टाच्या हुकुमांच्या नकला असे तीस वर्षांत जमवलेले सगळे त्यात आहे. या कामात मी एक शिकले. त्या काळी कागदावर यायचे तर माणसाकडे जमीन, घोडा नाहीतर खटला लागे. बायका नवरा मेल्यावर नोंदीत येतात. पोरे अनाथ झाल्यावर येतात. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते ती माणसे जगून गेली, पण आमच्यासारख्या वंशावळी शोधणाऱ्यांच्या लेखी ती झालीच नाहीत. मी हे शाळेतल्या मुलांना व्याख्यानात मोठ्या तोऱ्यात सांगत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र विसरले.

कलम ४. काचेच्या पेटीतली दोरी. खरी अडचण हीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या घरात गोष्ट सांगतात ती अशी. हा मुलूख रानच होता तेव्हा आमच्या केझायाला, नऊ वर्षांच्या पोरीला, शॉनी टोळीच्या रेड इंडियन लोकांनी पळवले. ती विशीची झाली तेव्हा तिचा भाऊ अब्सलम गडी गोळा करून गेला आणि तिला सोडवून आणले. तिच्या हाताला त्यांनी बांधलेली दोरी तशीच होती. अब्सलमने उंबऱ्याशी गाठ सोडली आणि केझायाने उंबऱ्याचा मुका घेतला. तेव्हापासून किनकेडांच्या नवरीच्या मनगटाला लग्नाच्या सकाळी ती दोरी गुंडाळतात. घरातला थोरला पुरुष गाठ सोडून म्हणतो, “आलीस घरी.” बायका डोळे पुसतात. मीही दर लग्नात पुसले आहेत. माझे लग्न झाले नाही, म्हणून दोरी माझ्या हाताला लागली नाही. पण घराण्याच्या मेळाव्यात हे नाटक करतात त्यात लहानपणी केझाया मीच असायची आणि अब्सलम हार्लन. सफरचंदाचे खोके हा आमचा उंबरा. त्याचा मुका घेताना ओठात कुसळ गेले तरी मी हसत असे.

येत्या सप्टेंबरात ब्रिनाचे लग्न आहे. ही दोरी तिच्या हाताला लावू नये. दुसऱ्या कोणाच्याही लावू नये. पेटी वाचनालयात ठेवावी आणि आतली चिठ्ठी बदलून असे लिहावे: “अब्सलम किनकेडच्या घोड्याची दोरी. तिने हात बांधून त्याने आपल्या बहिणीला तिच्या मुलांपासून तोडून आणले.”

कलम ५. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर निळे भांडे आहे ते माझे नव्हे. ते श्रीमती विलेटा डॉटरी, राहणार ओक्लाहोमा, यांना परत पोचवावे. रिकामे पाठवू नये.

ते माझ्याकडे कसे आले ते सांगते. आमच्या मेळाव्यात जेवणाआधी शाखा पुकारतात. “अब्सलमची शाखा!” म्हटले की अर्धे मैदान उभे राहते. केझायाला मूल नव्हते, म्हणून तिचे नाव घेतल्यावर पुरुष टोप्या काढतात आणि हार्लन पुढचे नाव वाचतो. गेल्या जूनमध्ये टोप्या निघाल्या आणि मागच्या बाकावरून एक बाई उभी राहिली. साठीची असेल. सोबत नातीला घेऊन आली होती.

हार्लनने माइकवरून विचारले, “बाई, तुम्ही कोणाच्या?”

“केझायाच्या.”

“काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. तिला मूलबाळ नव्हतं.”

“दोन होती. आम्ही धाकट्याचे.”

कोणीतरी हसले. हार्लनही हसला, त्याला माइक हातात असला की हसू येतेच. “काही कागद आहे का तुमच्याकडे?”

“कागद लिहिणारे तुमच्यात होते, भाऊ. आमच्यात नुसतं सांगत आले. गोरी आजी होती, तिच्या भावाने तिला दोरीने बांधून नेलं, धाकटा रडत नदीपर्यंत मागे गेला. म्हणून दर पिढीला एका पोरीचं नाव केझाया ठेवायचं. ही आमची या वेळची केझाया.” तिने नातीच्या खांद्यावर हात ठेवला.

“आयडा,” हार्लन म्हणाला, “तूच सांग बाई. नोंदीत आहे का असलं काही?”

सगळे मैदान माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “आमच्या नोंदीत तसं काही नाही.”

हे खरे होते. तेवढ्यावरच मी स्वतःला माफ करत होते. ती बाई नातीला घेऊन निघून गेली आणि आम्ही जेवायला बसलो. संध्याकाळी भांडी आवरताना टेबलाच्या टोकाला हे निळे भांडे दिसले. द्राक्षाच्या रसात शिजवलेले पिठाचे गोळे होते. चमचासुद्धा लागला नव्हता. मी उभ्याउभ्या दोन खाल्ले. चांगले झाले होते, आणि तसे सांगायला मी कोणाला शिल्लक ठेवले नव्हते. त्या क्षणी लाज वाटायला लागली ती अजून गेलेली नाही.

आता कागदाचे. अब्सलम म्हातारा झाल्यावर सैनिकांचे पेन्शन मागायला कोर्टात उभा राहिला. त्याची शपथेवरची जबानी माझ्या वडिलांनी घराण्याच्या इतिहासात छापली आहे. बहिणीला आणल्याची हकिगत येते तिथे तीन टिंबे आहेत. मी ते पान लहानपणापासून वाचत आले. वाटायचे, मूळ कागद फाटला असेल. वडिलांवर माझा इतका विश्वास होता की इतरांच्या वाडवडिलांची टिंबे शोधत मी चार राज्ये फिरले, पण आपल्या घरची कधी तपासली नाहीत. मेळाव्यानंतर मी वॉशिंग्टनच्या दफ्तरखान्यातून पूर्ण नक्कल मागवली. ती हिवाळ्यात आली. कागद कुठेही फाटलेला नाही. कारकुनाचे अक्षर स्वच्छ आहे. टिंबांच्या जागी हे आहे:

“ती आमच्यासोबत यायला तयार नव्हती. दोनदा पळाली. मग मी माझ्या घोड्याची दोरी काढून तिचे हात बांधले. तिची दोन मुले मागे धावत होती, धाकटे नदीपर्यंत आले. घरी आणल्यावर ती माझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही. या गोष्टीची मला लाज वाटते. आजवर कोणाला सांगितले नव्हते. आज शपथ घेतली आहे म्हणून सांगतो.”

त्याला हे सांगायची गरज नव्हती. पेन्शन त्यावाचूनही मिळाले असते. भर कोर्टात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, त्या म्हाताऱ्याने आपली लाज नोंदवून घेतली. आमच्या घराण्यात कोणी काही मोठे केले असेल तर ते हे. आणि वडिलांनी तेवढेच गाळले. वडील चांगले होते, माझ्या वेण्या घालत, कधी आवाज चढवत नसत. म्हणून जास्त लाज वाटते.

हार्लनला मी कागद दाखवला. त्याने चष्मा लावून सगळा वाचला, घडी केली आणि म्हणाला, “दोनशे वर्षांचं मढं उकरून काय मिळणार तुला?”

“त्याने स्वतःच सांगितलंय, हार्लन.”

“सांगितलं असेल. म्हातारपणी माणूस काहीही बरळतो. ब्रिनाच्या लग्नात मी दोरी सोडणार आहे, आणि तू तोंड बंद ठेवणार आहेस. पपांची अब्रू आहे ती.”

“अब्सलमच्या अब्रूचं काय?”

“तीच तर वाचवतोय!” असे म्हणून त्याने टोपी उचलली आणि गेला. फेब्रुवारीपासून आमचे बोलणे नाही.

भांड्याच्या बुडाला, मेळाव्याच्या भांड्यांना लावतात तशी, नाव आणि फोन नंबरची चिकटपट्टी होती. मी फोन केला. म्हणाले, तुमचे भांडे माझ्याकडे आहे.

“भांड्यासाठी फोन केलात? इतक्या महिन्यांनी?”

“नाही. कागद सापडला.” आणि मी वाचून दाखवला.

मग विलेटा म्हणाली, “मग आम्ही काय वेगळं सांगितलं होतं?”

“काही नाही. तेच सांगितलं होतं.”

“मूल नदीपर्यंत आलं होतं, ते पण लिहिलंय?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिला रडू आले असावे, कारण फोनवर नातीचा आवाज आला, आजी काय झालं, आजी काय झालं. मी दोरी पाठवते असे म्हणाले. माझी अक्कल बघा.

“दोरी घेऊन आम्ही काय करू? बांधली तुम्ही, सांभाळा पण तुम्हीच,” विलेटा म्हणाली. “नाव पुकारता ना तुम्ही सगळ्यांचं? तिचं नाव घेतलं की आमची पोरगी उभी राहिली तर कोणी हसू नये. एवढं जमतंय का बघा.”

कलम ६. मेळावा भरतो ते ओढ्याकाठचे मैदान आणि त्यावरची शेड माझ्या एकटीच्या मालकीची आहे. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या मेळाव्यात हार्लनने, किंवा त्या वेळी जो अध्यक्ष असेल त्याने, अब्सलमची जबानी टिंबांशिवाय, जेवणाआधी, माइकवरून वाचावी आणि केझायाची शाखा इतर शाखांप्रमाणे पुकारावी. तसे केले तर मैदान सर्व किनकेडांना सामाईक मिळेल. न केल्यास ते विलेटा डॉटरी व तिच्या वारसांना पूर्ण मालकीने जाईल, आणि मग किनकेडांनी जेवायला दुसरे ओढे शोधावेत.

कलम ७. माझी माती साधी असावी. हार्लनने भाषण करू नये.

येथवर टाइप करून मी दोन साक्षीदारांना बोलावले. शाळेची बस चालवणारी माझी शेजारीण लोरेटा पेनिक्स, आणि पोस्टातून निवृत्त झालेला ड्वाइट सोल्सबी. लोरेटा चष्मा विसरली म्हणून मी सगळे मोठ्याने वाचले. ड्वाइट खाली बघत राहिला. लोरेटाने पेन हातात घेतले आणि सही काही करेना.

“एक विचारू, आयडा? रागावू नकोस.”

“विचार.”

“मेळावा जूनमध्ये आहे. तू काही जूनच्या आत मरत नाहीस.”

“मग?”

“मग हे हार्लनकडून का वाचून घेतेस, तेही तू नसताना? जित्तेपणी पायात दम नाही आणि मेल्यावर म्हणे लढाई! तुला त्याचं तोंड बघायचं नाही, एवढंच ना?”

मला राग आला. तू बस चालव, म्हणाले. ती म्हणाली, “चालवतेच. चाळीस पोरं मागे ओरडत असतात, तरी समोर बघून चालवते.” ड्वाइटने खोकल्यासारखे केले.

मी कॉफी ठेवायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. ती बाई अनोळखी माणसांच्या मैदानात एकटी उभी राहिली होती. अब्सलम भर कोर्टात उभा राहिला होता. आणि मी आपली लाज पाकिटात बंद करून, वर सील लावून, दुसऱ्याच्या नावावर करत होते. वडिलांनी टिंबे दिली, मी मैदान देत होते. फरक फारसा नाही. कॉफी न करताच मी बाहेर आले, फोन उचलला आणि त्या दोघांसमोर ओक्लाहोमाचा नंबर लावला. धाकट्या केझायाने उचलला. जूनच्या मेळाव्याला या, मी म्हणाले. आजीला विचारून सांगते म्हणाली. मग तिनेच विचारले, “आम्ही आलो तर तुम्ही आमच्या बाजूला बसाल का?”

मी हो म्हणाले. सबब कलम ६ मी माझ्या हाताने खोडले आहे. खालचे शब्द वाचता यावेत म्हणून एकच रेघ मारली आहे. जबानी मी वाचणार, जूनच्या दुसऱ्या रविवारी, आणि शाखाही मीच पुकारणार. तोवर मला काही झाले तर रेघ पुसली असे समजावे. वाचून झाल्यानंतर गेले तर मैदान ब्रिनाला द्यावे. कोणाला बसवायचे ते तिचे तिने ठरवावे.

माझा आवाज फुटेल याची मला भीती वाटते. हार्लन उठून जाईल याची तर खात्रीच आहे. तो माझा एकच भाऊ आहे.

(सही) आयडेला रूथ किनकेड
स्टोनी फोर्क, ११ एप्रिल १९९४

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार लिहून देतो की, वरील मजकूर लिहून ठेवणारीने आम्हांस वाचून दाखवला, कलम ६ आमच्या देखत खोडले आणि आमच्या देखत सही केली. त्यानंतर तिने आमच्याकडूनही एक लिहून घेतले, ते असे: जूनच्या दुसऱ्या रविवारी, केझायाची शाखा पुकारली जाईल तेव्हा, आम्ही दोघे किनकेड नसलो तरी उभे राहू.

(सही) लोरेटा पेनिक्स
(सही) ड्वाइट सोल्सबी