जात : हापूस

१२ जाने.
प्राचार्यांचा फोन. कृषी महाविद्यालयाची स्मरणिका निघतेय, इतिहास मी लिहायचा. दहा पानं. "मॅडम, तुमच्याइतकं जुनं आता कोणी उरलं नाही." निवृत्त ग्रंथपाल म्हणजे जुनं कपाटच. हो म्हटलं. घरी बसून माशाच मारायच्या होत्या.

१६ जाने.
जुने कागद काढले. निम्मे वाळवीनं आधीच वाचून संपवलेत. सगळ्या प्राचार्यांची नावं सापडली, फोटोंसकट. माळ्यांची यादी कुठेच नाही. बाबा बत्तीस वर्षं इथे माळी होते.
वृक्ष रजि. मिळालं. अक्षर माझंच, नोकरीच्या पहिल्या वर्षी जुन्यावरून उतरवलेलं. झाड क्र. १. जागा : फाटक. जात : हापूस कलम. लावणारे : उद्घाटनाचे पाहुणे. जगवणारा असा रकाना नाही.

२० जाने.
प्राचार्यांना भेटले. फाटकाचा रस्ता रुंद होणार, झाड क्र. १ आड येतंय. त्यांचा जीव आहे झाडावर. म्हणाले, "ठासून लिहा मॅडम, संस्थेचं पहिलं हापूस कलम. झाड तोडायचं का ते ठरवणाऱ्या समितीपुढे तेवढाच आधार. रायवळ असतं तर एव्हाना सरपणात गेलं असतं."
मान हलवली. चहा गार झाला होता.

२१ जाने.
फाटकावरचा आंबा रायवळ आहे, साधा कोयीचा. हे मला लहानपणापासून ठाऊक. वानरांच्या आधी बाबा दोन-चार पिकलेले काढून आणायचे. कोय चोखली की दातांत केस अडकायचे. हापूसला कुठले केस! तरी रजि.मध्ये हापूस लिहिलं. बाबा शेजारी उभे होते, "जुन्यात हाय तसंच लिव," म्हणाले. का, ते विचारलं नाही.
बागायतीचे दोन पीएच.डी. प्राध्यापक रोज त्याच्याखाली स्कूटर लावतात. त्यांना कळत नसेल? कळत असेल. पण खोडाशी 'हापूस' अशी पाटी आहे. पाटी वाचल्यावर पानं कोण बघतो.

२५ जाने.
पूर्णगडला, धाकूकाकांकडे. बाबांबरोबर नर्सरीत होते. नव्वदीला टेकलेत, कान गेले, आठवण लख्ख. ओरडून विचारलं, फाटकावरचं कलम कसं जगवलं?
हसले. "जगला कुठं, बाय? पयल्याच उन्हाळ्यात वरची काडी वाळली. कातलावर खड्डा, पानी न्हाई. तुजा बापूस कावडीनं घालायचा, तरी ग्येली."
मग?
"मग खालना खुंट फुटला."
नर्सरीतला पहिला धडा हाच : कलमाखाली खुंटाची, म्हणजे ज्यावर हापूसची काडी बांधतात त्या रायवळ रोपाची, फूट आली की खुडायची. खुडली नाही तर कलम मरतं, रायवळ उरतो. बाबांनी मला चौथीत शिकवलं होतं. माझ्या हातून एक फूट राहिली तर टपली बसायची.
"त्यानं नाय खुडली. पावनं वरसानी परत बघाया येनार व्हते. ह्यो रोजंदारीवर. हिरवा दिसला म्हंजी झाला. पावनं आले, टाळ्या वाजल्या, आन् त्याच म्हैन्यात तुजा बापूस कायम झाला."
परत येताना गाडीत हिशेब मांडला. बाबा कायम झाले म्हणून क्वार्टर, क्वार्टर म्हणून शाळा, शाळा म्हणून ग्रंथालय. मी त्याच खुंटावर वाढले. बाबांचा राग आला. मग स्वतःचा.

२ फेब्रु.
नऊ पानं झाली. पहिलं राहिलंय. खरं लिहिलं तर झाड जातं, आणि बाबा खोटे ठरतात. खोटं लिहिलं तर दोघंही वाचतात. बाबा असते तर म्हणाले असते, जुन्यात हाय तसंच लिव.

६ फेब्रु.
झाड बघून आले. मोहर दणकून आलाय, वासानं डोकं धरतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर खोडाला एक गाठ आहे. तिच्यावर सुकलेल्या काडीचा बोटभर थोटूक. इतकी वर्षं मला ती नुसती गाठ वाटायची; ते मेलेलं कलम आहे. लाल फितीनं रस्त्याची खूण केलीय, खोडाला दोन वेढे.
प्राचार्य दिसले. सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "काय मोहर आहे बघा, हापूसचा!"

९ फेब्रु.
पहिल्या पानाचं प्रूफ आलं. मीच पाठवलेलं वाक्य : 'फाटकावरचं हे कलम कै. बाबू माळी यांनी कावडीनं पाणी घालून जगवलं.' संस्थेच्या कागदावर बाबांचं नाव पहिल्यांदाच. बराच वेळ बघत बसले.
मग 'कलम' खोडलं, वर 'झाड' लिहिलं. आता वाक्य खरं आहे.
खाली चौकट, छापखान्यानं रजि.वरून केलेली. झाड क्र. १. जागा : फाटक. जगवणारा हा रकाना मी घातला, भरलाही. जातीपुढे त्यांनी जागा सोडलीय, बाजूला पेन्सिलीनं, 'मॅडम, खात्री करून भरा.'
प्रूफ उद्या दहाला न्यायला येणार. समिती अकराला.
जात :