पेन्सिलीची कच्ची सही

अहो विसरभोळे मालक,

चष्मा कोनाड्यातच राहिला की तुमचा! एवढ्या लांब निघालात आणि चष्मा इथंच? आता हे पत्र तिकडं कुणाकडून तरी वाचून घ्या. मी तरी कुठं लिहितेय? मी सांगतेय, आपली सुनी लिहितेय. नातीची अट एकच, "आजी, मी शुद्ध लिहिणार." लिही बाई.

पत्र घालायचं कारण असं, की काल तुम्ही पुन्हा एकदा घर सोडून निघाला होतात. थोडक्यात राहिलात!

घोडेगावच्या बाजारात तो दाढीवाला चित्रकार भेटला होता ना? त्यानं वर्षभरानं पोस्टानं छापील चित्र धाडलं. पुढं आपला सर्ज्या बैल, कासरा धरून तुम्ही पाठमोरे. खाली पेन्सिलीनं त्याची सही आणि १२/७५. तुम्ही चित्र राहिलं बाजूला, त्या आकड्यालाच धरून बसलात. "आगं, ह्यो गट नंबर हाय! मला कुनाच्या रानात उभं केलंय ह्यानं?" चित्र घेऊन थेट तलाठ्याकडं! भाऊसाहेब हसले, तर उलट त्यांच्यावरच रुसलात.

आणि ती सही? "पेन्सिलीची म्हंजे कच्ची. उद्या कुनी खोडली तर?" म्हणून सुनीच्या निळ्या बॉलपेननं, जीभ बाहेर काढून, अक्षर न् अक्षर गिरवलीत. मला अक्षरओळख नाही, पण शेवटचं शेपूट भलतीकडंच गेलं होतं, ते मलाही दिसलं. बोलले का मी?

काल सोनईचे एक डॉक्टर आले, चित्रांचे शौकीन. चित्राच्या बदल्यात त्यांचा जुना रंगीत टीव्ही द्यायला तयार. भानुदासनं आधीच चित्र खिळ्यावरून उतरवलेलं. "आई, पाठमोरा तर मानूस हाय. तिथं देवाचं क्यालिंडर लावू."

पाठमोरा! अहो, लेकाच्या लग्नात फोटोवाला दिसला की तुम्ही गोठ्यात. तोंडाचा एक फोटो नाही मागं. हा उतरता खांदा आणि धोतराचा लोंबता सोगा, एवढेच तुम्ही माझ्याजवळ उरलात. पण नातवंडं टीव्हीवर टपलेली. कोणत्या तोंडानं नको म्हणू? चूल पेटलेली असताना उगाच फुंकत बसले.

डॉक्टरांनी आकड्याचा अर्थ सांगितला. अशी पंच्याहत्तरच चित्रं छापली, त्यातलं आपलं बारावं. म्हणजे आणखी चौऱ्याहत्तर घरांत तुम्ही उभे? माझ्याबरोबर जत्रेला यायचं म्हटलं की गुडघे दुखायचे ना तुमचे!

मग त्यांनी भिंग लावून सही बघितली. "ही गिरवली कुणी?"

भानूनं कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी चित्र अलगद खाली ठेवलं, चहा घेतला आणि टीव्हीचं नावही न काढता गेले.

मालक, जन्मभर तुमच्या अकलेचे वाभाडे काढले मी. पण त्याच अकलेनं काल तुम्हाला घरात ठेवलं हो!

चित्र मीच पुन्हा खिळ्याला अडकवलंय. मी आहे तोवर ते उतरणार नाही, हा माझा शब्द. माझ्यामागं सुनी बघेल. लिहिता लिहिता मान हलवलीय तिनं.

तुमची,
सरूबाई
(डाव्या हाताचा अंगठा)

ता. क. पितरांना मी आमटी-भात, वडे सगळं वाढते. तुमच्याकडून काय येतं? स्वप्नात का होईना, बाजारची गोडीशेव धाडा. मऊ बघून. दात तीनच उरलेत.