‘येस’ म्हणजे ‘नाही’ असल्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
शिक्षण विभाग, दुसरा मजला.

विषय : मी दिलेला कबुलीजबाब हा कबुलीजबाब नसल्याबाबत.
संदर्भ : शाळेच्या चौकशी समितीचा अहवाल, ज्याखाली माझीच सही आहे.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, इयत्ता दहावी ‘ब’ची विद्यार्थिनी, सविनय कळवते की माझे बोर्डाच्या परीक्षेचे प्रवेशपत्र शाळेने अडवून ठेवले आहे. इंग्रजीच्या निबंधात मी कॉपी केली व ती समितीसमोर कबूल केली, असे कारण दाखवले आहे. पैकी मी कॉपीही केलेली नाही आणि कबूलही केलेली नाही. मी फक्त ‘येस सर’ म्हटले. सोमवारपर्यंत प्रवेशपत्र न मिळाल्यास माझे वर्ष फुकट जाईल.

२. निबंधाचा विषय ‘माय फादर’ असा होता. माझे वडील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक वेळेवर दाबणे, हे त्यांचे काम. ही सवय पायात इतकी भिनली आहे की जेवताना आईने वाढायला जरा जोरात हात पुढे केला तरी त्यांचा उजवा पाय जमीन दाबतो. हे मी लिहिले. एरवी मी आधी मनात मराठी वाक्य करते, मग एकेक शब्द बदलते, आणि क्रियापद शेवटून उचलून मध्ये आणून ठेवेपर्यंत तास संपतो. त्या दिवशी मात्र वाक्ये थेट इंग्रजीतच येत गेली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! निबंध चांगला झाला आणि म्हणूनच तो माझा नाही असे ठरले. आता माझ्या वडिलांचा पाय मी कुठल्या गाइडमधून उतरवून काढणार, हा विचार कोणाच्याही मनात आला नाही.

३. आमची भीड चेपावी म्हणून इंग्रजी विभागाचे सर्व कामकाज यंदापासून इंग्रजीतच चालते. सबब चौकशीही इंग्रजीतच झाली. मुख्याध्यापक सरांनी विचारले, ‘यू डिड नॉट कॉपी धिस?’ माझ्या तोंडचे पाणी पळाले होते. तरी सरांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, या अर्थाने मी ‘येस सर’ म्हटले. महोदय, आपण घरी काय बोलतो? ‘जेवली नाहीस?’ ‘हो, नाही जेवले.’ आपले ‘हो’ समोरच्या माणसाला असते. इंग्रजीतले ‘येस’ घडलेल्या गोष्टीला असते, माणसाची भीडभाड त्याला नाही. हा नियम इंग्रजीच्या बाईंनी छान शिकवला होता आणि चाचणीत मला त्यावर पूर्ण गुण आहेत. पण घाबरले की मी मराठीतच घाबरते, त्याला मी काय करू?

४. समितीतल्या तिघांच्याही भुवया वर गेलेल्या पाहून मला फार वाईट वाटले. तेवढ्यात प्रश्न आला, ‘डोन्ट यू फील सॉरी?’ ‘नाही नाही, वाटतंय की!’ या अर्थाने मी घाईघाईने ‘नो सर, नो सर’ म्हटले. अहवालात नोंद झाली : ‘विद्यार्थिनीस गुन्हा मान्य. पश्चात्ताप नाही.’ खाली सही कर म्हणाले, मी केली.

५. दुसऱ्या दिवशी वडील इस्त्रीचा शर्ट घालून खुलासा करायला गेले. ‘यू डिड नॉट राइट इट फॉर हर?’ असे विचारताच त्यांनी ठामपणे ‘येस! येस!’ असे सांगितले आणि सगळे मिटवून आलो म्हणून खुशीत घरी आले. मग आईला बोलावणे आले. ‘यू डोन्ट नो इंग्लिश?’ यावर तिने ‘येस’ म्हटले, आणि आईस इंग्रजी उत्तम येते अशी नोंद झाली. आईला याचा आतून थोडा आनंदच झाला, ते वेगळे. परंतु सदर निबंध आता मी चोरला आहे, वडिलांनी लिहिला आहे आणि आईवरही संशय आहे. आत्या मदतीला यायला निघाली होती. तिला आम्ही दारातच अडवले.

६. नंतर मी एकटीच शाळेच्या कार्यालयात गेले आणि क्लार्क काकांना विचारले, ‘यू आर नॉट गिव्हिंग माय हॉल तिकीट?’ काका म्हणाले, ‘येस.’ शिकवलेल्या नियमाप्रमाणे मी हात पुढे केला. काका हाताकडे बघत राहिले, मी काकांकडे. मला हसूही आले आणि रडूही आले. शेवटी रडलेच. कारण जे काका मराठीत ‘येस’ म्हणतात, त्यांचा पगार चालू राहतो. मी म्हटले तर माझे वर्ष जाते. हा कुठला न्याय?

७. काल समितीचे पत्र आले. त्यात एकच प्रश्न आहे : ‘डू यू नॉट ऑब्जेक्ट टू धिस डिसिजन?’ पुढे ‘येस’ आणि ‘नो’ असे दोन चौकोन. आम्ही तिघे त्या चौकोनांपुढे बसून राहिलो. वडिलांचा पाय सारखा जमीन दाबत होता. शेवटी दोन्ही चौकोन कोरे ठेवून मी हा अर्ज लिहायला घेतला.

८. तरी कृपया मला समक्ष बोलवावे व आपल्यासमोर बसवून वाटेल तो विषय द्यावा. मी तिथेच इंग्रजीत निबंध लिहून दाखवते. चुका होतील, पण त्या माझ्या असतील. प्रश्नच विचारायचा झाला तर त्यात ‘नॉट’ नसावे, एवढीच विनंती. ‘हा निबंध तू लिहिलास का?’ असे सरळ विचारावे. मराठीत विचारा नाहीतर इंग्रजीत विचारा, साहेब, माझे उत्तर हो आहे.

आपली नम्र आणि निर्दोष,
(सही)
विद्यार्थिनी, दहावी ‘ब’
दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत : १) निबंधाची प्रत. २) समक्ष लिहिण्यासाठी कोरे कागद. पेन येताना घेऊन येईन.