पाचव्या कॅसेटचा नंबर

आबा,

नळाचं पाणी भरून झालं होतं, तुमच्या आंघोळीचा बंब पेटला होता आणि मी ओल्या फडक्यानं फळी पुसत होते. कंपनीचा भोंगा अजून व्हायचा होता. फळीवर चार कॅसेटी उभ्या होत्या. आवडीच्या क्रमानं: डावीकडची पहिल्या नंबरची, उजवीकडची शेवटची. आदल्या संध्याकाळी तुम्ही तुमची घोड्याची कॅसेट पुढं आणून ठेवली होती. तुमची पाठ वळल्यावर मी ती उचलून शेवटी टाकली आणि माझी खुर्चीची पहिल्या जागी सरकवली. हे दाराशी बुटाच्या नाड्या बांधत होते. (ह्यांचं नाव न घेण्याची सवय कागदावरही सुटत नाही.) एक बूट पायात आणि एक हातात अशा अवतारात हे आत आले, “तुम्ही दोघंबी चुकताय” म्हणाले आणि मधली तारांची उचलून सगळ्यांच्या पुढं ठेवली. “संध्याकाळी येऊन बघतो कोण हलवतंय ते.” तुम्ही मोरीतून ओरडलात, “काय म्हणतोय गं त्यो?” मी ओरडून सांगितलं, “तुमचा घोडा लंगडा हाय म्हणत्यात!” वालचंदनगरच्या त्या क्वार्टरमधली आपली बरीचशी बोलणी अशी ओरडूनच व्हायची.

चारी कॅसेटी अमेरिकेतल्या चार माणसांच्या एका बँडच्या. त्यांची नावं आपल्याला नीट म्हणता यायची नाहीत, म्हणून आपण कव्हरावरच्या चित्रांवरून कॅसेटी ओळखायचो: तारांची, घोड्याची, खुर्चीची, आणि कुणाच्याच आवडीची नसलेली निळी. शेजारीपाजारी म्हणायचे, ह्यांच्या घरात दिवसभर पत्रा कापत्यात. पण तुम्हाला त्या आवाजाचं वावडं नव्हतं. जन्मभर मशीन शॉपमध्ये उभं राहून तुमचे कान गेले होते. गाणारा काय म्हणतो ते तुमच्यापर्यंत पोचत नसे. टेपरेकॉर्डर तुमच्या लोखंडी कॉटच्या उशाला, दांडीला टेकवून ठेवलेला असे. तुम्ही दांडीवर तळवा ठेवून बसायचात आणि ढोल, जाड तारांची गिटार, सगळं तुमच्या हातात यायचं. घोड्याचीतला ढोल तुम्हाला सगळ्यात पसंत. “ह्यो गडी पाळीवर कधी उशिरा आला नसंल,” म्हणायचात. हे चिडायचे. “आबा, हे संगीत हाय, कंप्रेसर न्हाय.” “कंप्रेसरच हाय की. पर तेलपाणी केल्याला.”

माझा हिशेब वेगळा होता. मी सातवीपर्यंत शिकलेली. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात गाण्यांचे शब्द छापलेले असायचे. दुपारी तुमचा डोळा लागला की ह्यांची डिक्शनरी घेऊन मी ते एकेक लावत बसायची. इंग्रजी मी तिथं शिकले. खुर्चीचीत एक गाणं होतं, त्यात एक माणूस वडिलांना म्हणतो, मी उशिरा येईन, ओट्यावरचा दिवा चालू ठेवा. एवढा आरडाओरडा करून हा माणूस एवढंच मागतोय, हे मला कळलं त्या दिवशी मी भाकरी तव्यावर विसरले. तेव्हापासून ती माझी पहिल्या नंबरची.

तारांची पुढं ठेवून गेले त्या दिवशी संध्याकाळी हे कामावरून परस्पर बारामतीला गेले. बँडची पाचवी कॅसेट यायची होती, दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, ती आली का बघायला. आली नव्हती. परतताना अंथुर्ण्याच्या अलीकडे रस्त्यात उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर ह्यांची मोटरसायकल गेली.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. बुद्धवंदना आठवते, गावाकडची, कळंबची माणसं आठवतात, आणि सगळे गेल्यावर तुम्ही फळीसमोर उभे राहून म्हणालात ते आठवतं. “ह्याला कुणी हात लावायचा न्हाय.” तारांची पहिली होती, ह्यांनी ठेवली होती तशी. मी मान हलवली. त्यानंतर तुम्ही बोलायचं सोडलंत. ताटातली भाकरी अर्धी, मग चतकोर. टेपरेकॉर्डरवर तुम्हीच टॉवेल टाकलात. फळीवर धूळ साठायला लागली आणि मी ती रोज नुसती बघायची. शेजारच्या काकू एकदा मला नळावर हळूच म्हणाल्या, “आबा लेकाच्या मागं निघालं गं. ध्यान दे.” ध्यान द्यायचं म्हणजे काय करू, हे त्यांनी सांगितलं नाही. घरात मी आणि तुम्ही. तुम्हीही गेलात तर त्या घरात ओरडून बोलायला कुणी उरणार नव्हतं.

आणि मग बारामतीहून निरोप आला, साहेबांची कॅसेट आलीय. दुकानदाराला काही माहीत नव्हतं. मी एसटीनं गेले. भजनांच्या आणि लावण्यांच्या कॅसेटींमागून त्यानं ती काढली. “साहेब न्हाय आलं? तुमच्या साहेबांबिगर हे आमच्याकडं कुणी मागत न्हाय.” मी सांगितलं. त्यानं कॅसेट दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

मी घरात पाऊल टाकलं तेव्हा तुम्ही कॉटवर बसला होतात. माझ्या हातात काय आहे ते तुम्हाला लगेच कळलं.

“परत दिऊन ये.”

“आबा, ह्यांनी मागवलेली हाय.”

“हिच्यापायी गेला त्यो. माझ्या घरात ठिवायची न्हाय.”

इतक्या दिवसांत तुम्ही एवढं बोलला नव्हतात. सून म्हणून मी तुमचा शब्द कधी मोडला नव्हता. कॅसेटींचे नंबर सोडून. मी टॉवेल काढला, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. तुम्ही उठून बाहेर जाल, किंवा टेप उचलून आपटाल, असं मला वाटलं. पण तुम्ही हात मांडीवर ठेवून भिंतीकडं बघत राहिलात. गाणं सुरू झालं. संथ होतं, व्हायोलिनं होती, ढोल कुठं तरी लांब. दुसरंही तसंच. तिसऱ्याच्या मध्यात तुमचा तळवा दांडीवर आला. तुमच्या कपाळाला आठी पडली.

“टेप हळू चाललाय.”

“न्हाय आबा, बरोबर हाय.”

“मला शिकवती व्हय? पट्टा ढिला झालाय. स्क्रू ड्रायव्हर आण.”

तुम्ही टेपरेकॉर्डर पालथा घातलात. झाकण काढलंत, पट्टा बोटानं ताणून पाहिलात, माझ्याकडून कापसाचा बोळा घेऊन हेड पुसलंत. किती दिवसांनी तुमच्या हातात हत्यार होतं. पुन्हा लावलंत. पुन्हा तेच, संथ. “मोटर गेली,” पुटपुटलात, आणि मोटर तपासायची म्हणून ओळखीची कॅसेट हवी होती, तर तुम्ही उठलात, फळीपाशी गेलात आणि पहिल्या जागेवरची तारांची उचललीत. धुळीत तिच्या जागी एक स्वच्छ चौकोन राहिला. तुम्ही ती घातलीत, बटण दाबलंत, आणि कॉटची दांडी थरथरायला लागली. वेग अगदी बरोबर होता. तुम्ही हातातल्या रिकाम्या डबीकडं बघितलंत, मग फळीकडं.

“मशीन चांगलं हाय,” तुम्ही म्हणालात. “मंजी बँडच बिघडलाय.”

मला हसू आलं आणि मी पदर तोंडावर धरला. तुम्ही पाचवी उलटीपालटी करून बघत होतात. “ह्या असल्यापायी गेला व्हय माझा पोरगा? ही तर निळीच्याबी खालची.” आणि मग तुम्ही रडलात. तारांची वाजत होती आणि तुम्ही मोठ्यानं, न ऐकू येणाऱ्या माणसासारखे रडलात. मी ती बाजू संपेपर्यंत तिथंच बसले.

“शेवटचा नंबर,” तोंड पुसून तुम्ही म्हणालात.

“मला आवडली,” मी म्हणाले. “मला पहिली वाटते.”

“तुला काय कळतंय!” असं म्हणून तुम्ही जेवायला मागितलंत.

परवा भाचीनं मोबाईलवर दाखवलं, जगभरची माणसं त्या बँडचे नंबर लावतात आणि एकमेकांना शिव्या देतात. बहुतेकांनी पाचवी शेवटी टाकलीय. तुमचा तळवा बरोबर होता. तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. पाठवायला कुठला पत्ता नाही. एक सांगायचं राहिलं होतं, आबा. मलाही ती शेवटचीच वाटली होती.

तुम्ही जेवायला मागितलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी भरून झाल्यावर मी फळी पुसली आणि पाचवी सगळ्यांच्या पुढं ठेवली.