स्वस्तातलं मशीन

चि. कृष्णराजास,

आशीर्वाद. या आठवड्यात खंडोबाच्या पूजेची पाळी आपली होती. तुझे तात्या अंघोळ करून देवळापर्यंत गेले अन् पायरीवरच बसले. पोटावर शौचाची पिशवी लावून गाभाऱ्यात कसं जावं, म्हणाले. पूजा तुझ्या काकांनी केली.

तात्यांच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी आतडं जोडायची दोन मशिनं सांगितली, त्यातलं स्वस्तातलं तूच निवडलंस. जोड गळाला, पोट पुन्हा उघडावं लागलं, अन् ही पिशवी लागली. महागाच्या मशीनचा जोडबी गळतो कधीकधी, म्हणे डॉक्टर. खरं काय, कुणाला ठाऊक. तात्या अजून डॉक्टरांनाच शिव्या देतात. तुझं नाव म्या सांगितलं न्हाय.

पूजा नीट झाली का, असं तू फोनवर विचारलंस. म्या 'व्हय' म्हटलं.

हे पत्र काय टाकायची न्हाय. पिशव्या संपत आल्यात, तेवढ्या फोनवर मागीन. स्वस्तातल्या नको, हे सांगायला मात्र जीभ रेटायची न्हाय.

तुझी थकलेली,
आई