मलिंडाची सकाळची गोळी

विस्कॉन्सिन,
१६ नोव्हेंबर १९८६

ती. सलोमीताईस,
लिडियाचा सा. न. वि. वि.

तू तिसऱ्यांदा मावशी झालीस, आणि या खेपेला मुलगी! नाव मलिंडा ठेवलं. दोन्ही मुलगे घर डोक्यावर घेतात, त्यांच्यानंतर ही म्हणजे देवाने दिलेली उसंतच म्हणायची. रडणं नाही, कुरकुर नाही. दूध पाजायलासुद्धा मीच तिला गुदगुल्या करून उठवते. रविवारची सभा आमच्याच कोठारात होती. तीन तास प्रवचन चाललं, पण हिने हूं की चूं केलं नाही. बायका पाळण्याभोवती जमून म्हणाल्या, लिडिया, आम्हाला पन्नाशीतही जे जमत नाही ते ही पोटातूनच शिकून आलीय. मामंजींनी तर जाहीर केलंय की माझ्या नातवंडांत खरी आमिश हीच, आपल्या पंथाला हवी तशी शांत आणि नम्र. दिवसभर तिला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसतात आणि दोघंही पेंगतात.

तिच्या अंगावरचा पिवळेपणा मात्र अजून गेलेला नाही. सुईण सांगत होती की शहरात नेऊन टाचेचं रक्त तपासून घ्या. पण रस्त्यावर बर्फ, आणि जोनस म्हणाला, एवढी गुटगुटीत पोर, तिला उगाच कशाला टोचायचं? मलाही ते पटलं.

तुझी शाळा काय म्हणते? माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
लिडिया

ओहायो,
२ डिसेंबर १९८६

चि. सौ. लिडियास,
अनेक आशीर्वाद.

मुलगी तुझ्यावर गेलेली नाही, एवढं नक्की. तू तान्ही असताना रडायला लागलीस की गावातली कुत्री साथ द्यायची. आई कानात कापूस घालून नूडल्स लाटायची, ते मला चांगलं आठवतं.

शाळेचं काय विचारतेस! परवा पोरांनी शेगडीत मिरपूड टाकली, आणि सगळा वर्ग खोकत अंगणात. वर सगळे साळसूद चेहरा करून उभे! तुझी मलिंडा मोठी झाली की माझ्याकडे पाठव. एक तरी गप्प बसणारं लेकरू माझ्या नशिबी येऊ दे.

पिवळेपणाला कोवळं ऊन दाखव, हटेल. सोबत काळी टोपी शिवून पाठवतेय. सहा महिन्यांच्या मापाची आहे, लगेच होणार नाही. जोनसला आणि तुझ्या मामंजींना नमस्कार सांग. पत्राला उशीर केलास तर रुसेन.

तुझी,
ताई

विस्कॉन्सिन,
१० मे १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी टोपी अजूनही तिला सैल होते.

ताई, माझं मन थाऱ्यावर नाही. मलिंडा सहा महिन्यांची झाली, पण मान धरत नाही. जीभ सारखी ओठांबाहेर असते. हातपाय गार, बेंबी फुगलेली, आणि शी चार-चार दिवस होत नाही. कधी आवाज काढलाच तर तो घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा. सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं. बाकी सगळ्या म्हणतात की प्रत्येक मुलाची चाल वेगळी. मामंजी तर रागावलेच. म्हणाले, देवाने घरात शांती पाठवली, तर तू तिच्यात खोट काढतेस.

काल मी तिला मुद्दाम चिमटा काढला. चांगला जोरात काढला, कातडी लाल झाली. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मला फार भीती वाटते. लवकर लिही.

तुझी,
लिडिया

ओहायो,
१५ मे १९८७

चि. सौ. लिडियास,
आशीर्वाद.

तुमच्या घरी फोन नाही, म्हणून गावच्या चीजच्या कारखान्यात फोनवर निरोप ठेवला आहे. तो मिळाला नसेल तर हे पत्र खाली ठेव आणि आधी गाडी जुंपायला सांग.

मुलांना लस टोचायला शाळेत डॉक्टर आले होते. त्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी मला अर्ध्यातच थांबवलं. म्हणाले, गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती काम करत नसेल तर मूल असंच निजून राहतं, त्याचं अंगही वाढत नाही आणि डोकंही. टाचेचं रक्त त्यासाठीच तपासतात. रोज एक गोळी द्यावी लागते, बास. पण जितका उशीर होईल तितकं डोक्याचं नुकसान, आणि ते मागाहून भरून निघत नाही.

मामंजी काय म्हणतील याचा विचार करत बसू नकोस. त्यांना जे बोलायचं ते मला पत्रातून बोलू दे. मी तुला ऊन दाखवायला सांगितलं होतं, ती चूक माझी. आता जा.

तुझी,
ताई

विस्कॉन्सिन,
७ जुलै १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिच्या गळ्यात ती ग्रंथी मुळात तयारच झाली नव्हती. सकाळी उपाशीपोटी गोळी चुरून, चमचाभर माझ्या दुधात कालवून देते. हे आता जन्मभर करायचं. लोहाचं औषध त्या वेळी चुकूनही द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

तिचे तळवे ऊबदार झालेत गं! पाय झाडते, माझे केस ओढते. परवा सभेत अशी काही रडली की प्रवचनकार बोलायचे थांबले. बायका वळून बघत होत्या, पण मी तिला बाहेर नेलं नाही. पलीकडे पुरुषांच्या बाकावर जोनसने डोळे पुसायला हॅटमध्ये तोंड लपवलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अंगाने ही भरून निघेल. डोक्याचं किती भरेल ते सांगता येत नाही, पण सगळं नाही. पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आता पुढचं बघू या.

मामंजी तिला मांडीवर घ्यायचे बंद झालेत. नुसते लांबून बघतात. मला त्यांचा राग येतो, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त.

जवळ असतीस तर बरं झालं असतं.

तुझी,
लिडिया

विस्कॉन्सिन,
३ मार्च १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मामंजी गेले. झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही. तुला यायला जमणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून सगळं लिहितेय.

मलिंडाला शाळेत घालणार का, असं तू विचारलं होतंस. ती सहा वर्षांची झाली, पण पाचाच्या पुढे आकडे अडतात. धाकट्या ऑर्फाची टाच जन्मल्यापासून तिसऱ्या दिवशीच टोचून आणली होती, ती ठणठणीत आहे. आता ही चार वर्षांची ऑर्फा मोठ्या बहिणीच्या टोपीचे बंद बांधून देते. मी बघत राहते, मग काहीतरी काम काढून परसात जाते.

इतकी वर्षं मलिंडाची गोळी मामंजीच देत होते. मी त्यांना कधी द्या म्हटलं नाही, त्यांनीही देऊ का असं विचारलं नाही. एका सकाळी चमचा माझ्या हातातून घेतला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. एक दिवस चुकला नाही. गोळी देताना तिला तीच गोष्ट सांगायचे, की तू नुसती निजलेली होतीस, कोणाला उठवता येईना, मग या गोळीने तुला उठवलं.

परवा त्यांना पांढरे कपडे घालून पेटीत ठेवलं होतं. घरात माणसं मावत नव्हती, बायका स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत होत्या. मी घाईघाईत मलिंडाच्या तळहातावर गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला दिला. मागे वळून बघते तर ती बाकावर चढून पेटीवर वाकली होती आणि मामंजींच्या ओठांत बोटाने गोळी सारत होती. जोनसच्या आत्याने तिला ओढून खाली घेतलं. मी जवळ जाऊन सांगितलं, बाळा, आजोबांना आता गोळीचा उपयोग नाही, फार उशीर झाला.

आल्यागेल्या बायका तिच्यादेखत हेच बोलतात, की हिला गोळी उशिरा मिळाली. तिला काही कळत नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, आई, मला पण उशिरा दिली होती. मी उठले ना?

ताई, मी तिला काय सांगायला हवं होतं? तुला सुचलं तर कळव.

तुझी,
लिडिया