पट्टा काढल्यावर काय फिरतं

४ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस, डोळे आता एवढंच देतात.

शिलाई मशीन दुरुस्तीचे माझे सगळे व्हिडिओ त्या मोठ्या कंपनीनं एका सकाळी काढून टाकले. का, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. तू धावून आलास आणि ते नव्या ठिकाणी चढवलेस. हे कुणाच्याच मालकीचं नाही, हजार कॉम्प्युटरांवर पसरलंय, कुणा एकाला बंद करता येणार नाही, असं छाती फुगवून सांगितलंस. बरं वाटलं. पण मला आता सुईचं नेढं दिसत नाही. ते व्हिडिओ पुन्हा काढणं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून खात्री हवी.

दुकानात मशीन आलं की मी आधी पट्टा काढते आणि बघते, काय फिरतं, काय थांबतं. गिऱ्हाईक सांगतं त्यावर मी कधी गेले नाही. तसंच तू एकेक तोडून बघ आणि कळव. माया आहेच, ती तपासायची गरज नाही.

तुझी आत्या

१३ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पट्ट्यानं माझं नाक कापलं. हजार कॉम्प्युटर आहेत खरे, पण त्यांच्यावर व्हिडिओंची नुसती नावं आणि पत्ते. व्हिडिओ सगळे एकाच कंपनीच्या कोठारात. तिकडची वाट मी माझ्या कॉम्प्युटरवर बंद केली आणि एकही लागला नाही. तुझ्या हातांच्या जागी काळी चौकट.

ऑफिसातले मित्र म्हणाले, सगळीकडे असंच असतं, चालवून घे. मी घेणार नाही. एक खुला प्रोग्राम मिळालाय. त्यात ज्याच्या कॉम्प्युटरवर जागा, त्याच्याकडे अख्खा व्हिडिओ राहतो. पण ठेवणारी माणसं हवीत. तुझ्याकडे शिकून गेलेल्या मुली कुठे आहेत? रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा खटपट्या

२ एप्रिल

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

सहाही जणींना मीच फोन केले. एकीनंही आढेवेढे घेतले नाहीत. बॉबिन उलटी बसवते म्हणून जिला मी रडवायची, त्या धाकटीनं आपल्या दुकानात काउंटरखाली जागासुद्धा करून ठेवली होती. तू येऊन सगळं जोडून दिलंस, कौतुक आहे तुझं.

काल मी दुकानातला कॉम्प्युटर बंद केला. तिकडे मुलींकडे व्हिडिओ चालूच. मग एकेकीनं आपापला बंद करून पाहिला, तरी बाकीच्यांकडे चालूच. पण धाकटी स्वतःचा नवा व्हिडिओ घालायला गेली, तर जमेना. म्हणाली, पासवर्ड फक्त दादाकडे आहे.

तेव्हा बाळा, एक पट्टा अजून राहिलाय. तो तू आहेस. जिवाला लावून घेऊ नकोस, पण बाजूला हो.

तुझी आत्या

११ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

राग आला, खरं सांगतो. एवढी धावाधाव केली आणि मलाच काढा? दोन दिवस धुसफुसलो. मग सगळा कारभार सहाही जणींच्या हाती दिला आणि माझा पासवर्ड रद्द केला.

आज सकाळी कुणीही परका उघडेल तसं उघडलं. तिथे एक नवा व्हिडिओ होता. मी चढवलेला नाही, तू काढलेला नाहीस. धाकटीचे हात आहेत. आधी पट्टा काढा, असं ती शिकणाऱ्यांना सांगते, ते अगदी तुझ्याच दटावणीच्या सुरात. तुला नीट दिसणार नाही, तर आवाज मोठा करून ऐक.

लोभ मात्र माझ्यावर असाच ठेव. तो एकाच ठिकाणी साठवलास तरी माझी हरकत नाही.

तुझा खटपट्या